पाण्याची माणसं

“गादीखाली फळी घालायची ना, दरवर्षीसारखी?” एवढंच फोनवरच्या मुलीने विचारलं, आणि मी “हो” म्हणाले. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर होते. तिबिलिसीतले हे जिने फार खोल जातात. उतरता उतरता एखादं भांडण सुरू होऊन संपूनही जातं. फोन आईचा होता. ती मार्चमध्ये गेली, तेव्हापासून दर दोन-तीन दिवसांनी मी तो चार्जिंगला लावते आणि पिशवीत बाळगते. का, ते कुणी मला विचारलेलं नाही, मीही स्वतःला विचारलेलं नाही. वाजला की त्याच्याकडे बघत राहायचं, मग तो आपोआप थांबतो. त्या दिवशी मात्र उचलला. “लामझिराबाई, मी त्स्काल्तुबोहून बोलतेय, हॉटेलातून. ऑक्टोबरचे शेवटचे शुक्रवार ते रविवार, खोली दोनशे चौदा, तुमच्या नावावर आहेच. फळी घालायची ना?” मला एका वाक्यात सांगता आलं असतं. ते वाक्य मी बँकेत बोलले होते, नगरपालिकेत बोलले होते, दाताच्या डॉक्टरकडे बोलले होते. बोलून बोलून ते इतकं गुळगुळीत झालं होतं की त्याचा अर्थ कुठेच अडकत नव्हता. पण फळीचा प्रश्न आईच्या पाठीबद्दल होता. आईची पाठ दुखते, तिला मऊ गादी सोसत नाही, हे त्या मुलीला ठाऊक होतं आणि तिच्या दृष्टीने ते आजही खरं होतं. जगात कुठेतरी एक यादी होती, आणि त्या यादीत आईची पाठ अजून दुखत होती. मी “हो” म्हणाले आणि जिना संपला.

मी शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनात मुद्रितं तपासते. दुसऱ्याच्या मजकुरातली चूक मला लांबून दिसते. आपली चूक दिसायला वेळ लागतो. माझी दिसायला एक महिना लागला होता, आणि दिसली तेव्हा दुरुस्तीची वेळ टळून गेली होती. ती चूक अशी. मागच्या वर्षी सप्टेंबरात डॉक्टरांनी मला आणि मामाला कॉरिडॉरमध्ये बोलावून आईच्या पोटातल्या गाठीबद्दल सांगितलं. आई आत खुर्चीवर बसून कोटाची बटणं लावत होती. तिला सांगायचं नाही, हे आमच्यापैकी कुणी ठरवलं नाही. ते ठरवावं लागत नाही. आमच्यात आजाऱ्याला आजाराचं नाव सांगत नाहीत. नाव कळलं की माणूस त्या दिवशीच अर्धा होतो असं आजी म्हणायची, आजीची आजीही म्हणत असणार. मी औषधांच्या खोक्यांवरची लेबलं पाण्यात भिजवून सोलली, गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरल्या. आई त्या घ्यायची आणि म्हणायची, “तुमची ही व्हिटॅमिनं फार कडू आहेत गं.” मामाचा फोन आला की मी स्वयंपाकघरात जायचे आणि नळ सोडून बोलायचे. हे सगळं मी नीट, काळजीपूर्वक केलं, जसं मुद्रित तपासते तसं. पण डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. शेक नको, मालिश नको, आणि ते त्स्काल्तुबोच्या औषधी झऱ्यांचं पाणी तर मुळीच नको. अशा गाठीला ते पाणी चालत नाही. आणि ऑक्टोबरात आई बॅग भरायला लागली.

नको म्हणायला कारण लागतं. मी घाटातल्या रस्त्याचं काम सांगितलं, पावसाचं सांगितलं, तिकिटं मिळत नाहीत असं खोटं सांगितलं. आई म्हणाली, “वीस वर्षं जातेय. पाण्याने कुणाचं वाईट केलंय का कधी?” आणि माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मला अजून दिसते. त्या वेळी मला वाटलं, ती हट्ट करतेय. मी तिचा पोहण्याचा पोशाख घडी करून दिला. मोठा पिवळा टॉवेल दिला. तीन दिवसांनी ती परत आली, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीतून तो टॉवेल ओला बाहेर निघाला, आणि मी तो बाल्कनीतल्या दोरीवर घालताना किती वेळ दोरीलाच धरून उभी होते. नोव्हेंबरात गाठ पसरली. मार्चमध्ये सगळं संपलं. डॉक्टरांना मी कधी विचारलं नाही की तीन दिवस त्या पाण्यात बसल्याने किती फरक पडला असेल. विचारायला हवं होतं. उत्तर काहीही असलं तरी ते माझ्यापाशी असतं. आता ते फक्त तिथे होतं, त्या हौदाच्या काठावर, ज्यांनी तिला पाण्यात उतरताना बघितलं त्यांच्यापाशी. आणि त्यांना विचारायचं तर आधी ती गेली हे सांगायला हवं होतं.

सांगितलं कसं नव्हतं, तेही लिहायला हवं. आमच्याकडे माणूस गेलं की गावभर फोन होतात, न कळवलेला माणूस जन्मभर बोलत नाही. मी आईच्या फोनमधली नावं एकेक करून लावत गेले होते. त्यात ‘पाणी-बुखुती’, ‘पाणी-वेनेरा’, ‘पाणी-झाइरा’ अशी तीन नावं आली आणि मी ती सोडून दिली, कारण मला वाटलं हे प्लंबर. तीन प्लंबर कशाला लागतात, असंही वाटलं नाही. त्यातला ‘पाणी-बुखुती’ मार्चनंतर दर रविवारी अकराच्या सुमाराला फोन करत राहिला, आणि मी दर रविवारी फोनकडे बघत विचार करत राहिले की आईने याचं कुठलं काम अर्धवट ठेवलं असेल. वीस वर्षं आई दर ऑक्टोबरात तीन दिवस कुठे जाते, कुणाबरोबर जेवते, हे मी ऐकलंच नव्हतं. ती सांगायची. मी पुस्तकातून डोकं वर न काढता “हं” म्हणायचे.

निघताना मी दुखवट्याचं काळं उतरवलं. वर्ष व्हायला पाच महिने होते. आईचा निळा स्वेटर घातला, त्यावर माझा जुना राखाडी कोट. आरशात बघितलं तर दुसऱ्या कुणाच्या तरी घरातून निघाल्यासारखी दिसत होते. शुक्रवारी दिदुबेच्या थांब्यावरून मिनीबस निघाली, घाटात पाऊण तास खोळंबली, ड्रायव्हर आणि पुढचा एक म्हातारा वाइनची द्राक्षं या वर्षी पाणचट झाली की नाही यावर भांडत राहिले. मी दहा-बारा वाक्यं मनात जुळवली. पहिल्याच माणसाला सांगून टाकायचं. हॉटेलच्या काउंटरवर फोनवरचीच ती मुलगी होती, केसांत पेन खोचलेली. तिने माझ्या मागे दाराकडे बघितलं आणि विचारलं, “आणि लामझिराबाई?” मी म्हणाले, “या वेळी तिला जमलं नाही.” ते खोटं नव्हतं, आणि त्याच्याइतकं खोटं मी आयुष्यात काही बोलले नसेन.

त्या हॉटेलचं छत इतकं उंच आहे की बोललेलं वर जाऊन खाली यायला वेळ घेतं. चहामळ्यातल्या कामगारांसाठी ते बांधलं तेव्हा म्हणे जिन्यावर वीस माणसं एका ओळीत चढायची. आता इमारतीचा एक पंख रंगवून चालू केलाय. दुसऱ्या पंखात युद्धामुळे अबखाझियातून पळून आलेली कुटुंबं तीस वर्षं राहिली, बहुतेक आता नव्या घरांत गेली, पण अजूनही खांबांमधल्या एका दोरीवर कुणाच्या तरी चादरी वाळत असतात. माझ्या खोलीत आईची फळी होती. मी कोटासकट तिच्यावर आडवी झाले. पाठीला टेकलेली ती सपाट, कठीण जागा इतकी आईची होती की मला लगेच उठावंसं वाटलं आणि उठता आलं नाही. तिने इथे शेवटची रात्र कशी काढली असेल? पाण्याने अंग हलकं होतं, झोप छान लागते, असं ती म्हणायची. गाढ झोपली असेल. आत पोटात ते वाढत असेल आणि ही गाढ झोपली असेल, आणि मी तिबिलिसीत मामाला सांगत असेन की गेली ती, मी काय करू, अडवणार कशी. ‘मी काय करू’ हे शब्द मी त्या वर्षी सगळ्यात जास्त वापरले. त्या शब्दांना कुणी उत्तर देत नाही, म्हणून ते सोयीचे असतात.

शनिवारी दुपारी जेवणाच्या दालनात मला त्या मुलीने खिडकीजवळच्या टेबलाशी नेलं. इथे टेबलं ठरलेली असतात. चार ताटं मांडली होती, दोन माणसं बसली होती, आणि मला बघून दोघं एकदम उठली. “लामझिराची पोर!” म्हातारा ओरडला. उंच, वाकलेला, हाताला तीनच बोटं. “नाक बघ वेनेरा, नाक! शंका घ्यायला जागा नाही. बस, बस. मी बुखुती. चियातुराच्या खाणीवर रोपवे, माणसं नेणारी तारेवरची डबी चालवायचो, चाळीस वर्षं. चाळीस वर्षांत एकही माणूस खाली पाडला नाही.”

“एक पाडला,” बाई म्हणाली. तिचे केस मेंदीने गाजरासारखे लाल झाले होते. “स्वतःच्या मेव्हण्याला पाडलास.”

“तो दारू पिऊन उतरला. ते पाडणं नव्हे.” मग माझ्याकडे वळून, “ही वेनेरा. सेनाकीची. औषधाचं दुकान होतं. हिच्यापासून सांभाळ, तुझी जीभ बघून तुझा जन्माचा इतिहास सांगेल.”

वेनेराने माझी जीभ बघितली नाही. तिने माझ्या स्वेटरकडे बघितलं, मग खाली, टेबलाच्या कडेशी, माझ्या पायांकडे, आणि मग ती पाव कापायला लागली. “आई कशी आहे?” असं तिने विचारलं नाही. बुखुतीनेही नाही. मीच म्हणाले, कुणी न विचारता, “या वेळी तिला जमलं नाही.” “हो ना,” बुखुती म्हणाला. “ऑक्टोबर आहे. कुणाला जमतं, कुणाला नाही.” त्याने पिशवीतून घरची वाइन काढली, कोकाकोलाच्या मोठ्या बाटलीत भरलेली. राजमा होता, मक्याच्या गरम भाकऱ्या होत्या, अक्रोडाच्या वाटणातला पालक होता. मला वाटलं, आता. पहिला घास घेण्याआधी. तोंड उघडलं आणि “मीठ देता का” म्हणाले.

बुखुतीकाका उभा राहिला. तीन माणसांच्या टेबलालाही प्याला उचलून बोलणारा एक लागतोच, आणि या टेबलावर तो मान त्याचा होता. पहिला प्याला शांततेसाठी. दुसरा या पाण्यासाठी, “जे म्हाताऱ्यांना जाऊ देत नाही आणि तरुणांना येऊ देत नाही.” वेनेरा हसली, तिने त्याला भाकरीचा तुकडा फेकून मारला. तिसऱ्याला तो थांबला. मग म्हणाला, “जी आज या खुर्चीवर नाही तिला. लामझिराला. तिची पाठ सरळ राहो, तिची झोप शांत राहो, तिचं पाणी कोमट राहो.” आणि त्याने प्याला माझ्याकडे पुढे केला. जिवंत माणसासाठी प्याल्याला प्याला भिडवतात. मी भिडवला. तो आवाज इतका स्वच्छ झाला, आणि त्या उंच छताने तो परत दिला. मेलेल्या आईच्या आरोग्यासाठी मी ती वाइन प्यायले. घशातून उतरताना मला असं वाटलं, कोणीतरी, कुठेतरी, हे नोंदवून ठेवतंय, आणि मला ते खोडता येणार नाही.

पण चौथा प्याला राहिलाच होता. तो गेलेल्यांचा. त्याला प्याले भिडवत नाहीत. पावावर वाइन थेंब थेंब ओततात आणि प्रत्येक थेंबाला एक नाव घेतात. मला माहीत होतं तो येणार. सकाळपासून माहीत होतं, नव्हे, बसमध्येच माहीत होतं, आणि तरीही तो समोर आला तेव्हा मी एखाद्या परक्या देशात असल्यासारखी त्या पावाच्या तुकड्याकडे बघत राहिले. बुखुती उभाच होता. “माझा भाऊ शाल्वा,” एक थेंब. “माझी बायको त्सिउरी,” एक थेंब. “खालच्या डबीतले तिघं,” तीन. मग त्याचा हात हलला नाही, बाटली कललेलीच राहिली आणि आणखी एक थेंब पडला, बिननावाचा. म्हाताऱ्याचा हात, मला वाटलं. वेनेराने नवऱ्याचं नाव घेतलं, बहिणीचं घेतलं, आणि तिच्या हातूनही एक थेंब जास्त पडला. मग दोघं थांबली. माझ्याकडे न बघता थांबली. बाटली माझ्या हातात होती. दालनात दुसऱ्या टोकाला कुणीतरी चमचा पाडला. आता म्हण, मी स्वतःला म्हणाले, एक नाव, चार अक्षरं. “माझे वडील,” मी म्हणाले. वडील मी नऊ वर्षांची असताना गेले. मी बाटली सरळ केली. घट्ट धरून सरळ केली, एकही थेंब जास्त पडू दिला नाही. “बास?” वेनेरा हळूच म्हणाली. “बास,” मी म्हणाले. तिने माझ्या हातातून बाटली काढून घेतली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. “जेव गं, जेव. किती वाळलीस.” आम्ही एकमेकींना पहिल्यांदाच भेटत होतो. वाळलीस, कशाच्या तुलनेत, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

जेवणानंतर मी पाण्यावर गेले. बागेतून चालत जावं लागतं; पडलेल्या पानांवर बायका रानातली सायक्लेमनची फुलं मांडून बसल्या होत्या. स्नानगृहाच्या दाराशी पत्र्याचा फलक आहे, या पाण्यात कुणी उतरू नये त्या आजारांचा. गंज चढलाय, तरी वाचता येतो. सवयीने मी तो वरपासून खालपर्यंत वाचला, एक चूकही सापडली, आणि तिसऱ्या ओळीत ती गाठ होती. वीस वर्षं आई या फलकासमोरून आत गेली. तिला तो पाठ असणार. पण आपल्याला गाठ आहे हे माहीत नसलेल्या माणसाला फलकाचा काय उपयोग? आत गोल हौद, वर छताला उघडं भोक, तिथून पडलेला उजेडाचा एक तुकडा पाण्यावर. वाफ नसते, हे पाणी अंगाएवढंच कोमट, जमिनीतून येतं आणि वाहत जातं, कुणी ते तापवत नाही. काठावर वाळूची घड्याळं घेऊन एक जाडजूड बाई बसली होती, पायात रबरी चपला. तिला मी कोण ते सांगावं लागलं नाही. “ये, तुझं दुखणं मला येवो,” ती म्हणाली. ते इथे सगळेच सगळ्यांना म्हणतात, भाजी विकतानाही म्हणतात. पण इतक्या आजाऱ्यांना रोज हे म्हणणाऱ्या बाईकडे आजवर किती दुखणी गोळा झाली असतील, असं मनात आलं. ही ‘पाणी-झाइरा’. अबखाझियातल्या ओचमचिरेहून पळून आलेली. हॉटेलच्या दुसऱ्या पंखातल्या त्या चादरी हिच्याच.

मी काठावरच्या बाकावर बसले, कपड्यांनिशी. हौदात दोन बायका गळ्यापर्यंत बुडून सुनेबद्दल बोलत होत्या. पाण्यात हात घालावा असं वाटलं आणि घातला नाही. आणि मग मी तो प्रश्न विचारला. तिरका, कडेकडेने, सत्य न सांगता उत्तर मिळेल अशा बेताने जुळवलेला. “झाइरामावशी, मागच्या वर्षी आई किती वेळ बसायची पाण्यात? रोज पंधरा मिनिटं, का जास्त?”

झाइराने हातातलं वाळूचं घड्याळ उलटं केलं. वाळू पडू दिली. “पाण्यात?” ती म्हणाली. “मागच्या वर्षी ती पाण्यात उतरलीच नाही.”

“उतरली नाही म्हणजे?” मी विचारलं.

“तू बसलीयेस ना, त्याच बाकावर बसायची. तिन्ही दिवस. झगा घालून, मोजे घालून. बायकांची कानातली, घड्याळं ओटीत घेऊन सांभाळायची. पहिल्या दिवशी मी ओरडले तिच्यावर, म्हटलं नखरे पुरे, उतर. तर म्हणाली, झाइरा, तो बाहेरचा फलक आता माझ्यासाठी आहे.” तिने नाक पुसलं, रागावल्यासारखं. “मी म्हटलं, कुणी सांगितलं तुला? म्हणाली, कुणी नाही. माझी पोर नळ सोडून फोनवर बोलते. तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजला बसले, वादळात तुटक्या लाइनीवरून माणसांची बोलणी जुळवली. स्वयंपाकघरातल्या एका नळाने माझे कान बंद होतात होय?”

हौदातली एक बाई म्हणाली, “झाइरा, झाली का गं माझी वेळ?” “नाही झाली, बस,” झाइरा म्हणाली.

“मग आलीच कशाला?” हा आवाज माझा होता.

“मीही तेच विचारलं. म्हणाली, न येऊन कसं चालेल? आले नाही तर पोरीला कळेल की मला कळलंय. ती बिचारी इतकी मेहनत घेतेय.” झाइराने हौदाकडे एक नजर टाकली. मग जी गोष्ट सांगायची नाही असं तिने बहुधा ठरवलं होतं तीही सांगितली. “शेवटच्या दिवशी त्या तिथे, नळाखाली, पिवळा टॉवेल धरला तिने. चांगला चिंब केला, पिळला, पिशवीत घातला. मी म्हटलं बाई, अगं ओझं कशाला वाहतेस एवढ्या लांब. म्हणाली, कोरडा नेला तर ती बघेल.”

वाळू पडत होती. मला वाटलं होतं उत्तर मिळालं की काहीतरी सुटेल. पाण्याने तिला मारलं नव्हतं. वर्षभर मी ज्या तीन दिवसांभोवती फिरत होते त्या तीन दिवसांत काहीच घडलं नव्हतं. एक बाई कोरड्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या कानातल्या रिंगा सांभाळत होती. पण मला हलकं वाटलं नाही. बाल्कनीतली ती दोरी आठवली. मी तो टॉवेल धरून उभी होते आणि आत, पडद्याआड, आई चहाचं पाणी ठेवत होती. तिने मला पाठमोरं पाहिलं असेल. तिला वाटलं असेल, जमलं. आणि नंतरचे पाच महिने. कडू व्हिटॅमिनं. एकदा जानेवारीत, रात्रभर वेदना काढून सकाळी ती म्हणाली होती, “वसंतात बरं वाटेल ना गं मला?” आणि मी मोठ्या आवाजात, हसून, “वाटेल की!” म्हणाले होते, आणि तीही हसली होती. तो प्रश्न माझ्यासाठी होता. मला ते उत्तर देता यावं म्हणून तिने तो विचारला होता. एका घरात, दोन खोल्यांत, आम्ही दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो, आणि तिच्या मरणाबद्दल आम्ही दोघी मिळून एक शब्दही बोललो नाही. आता कुणाशी बोलणार?

“हे मला आधी का नाही सांगितलंत?” मी विचारलं. विचारायला काही अर्थ नव्हता. आम्ही आजच भेटत होतो. पण झाइराने सरळ उत्तर दिलं.

“तिने शपथ घातली होती. मी आहे तोवर माझ्या पोरीला सांगायचं नाही, म्हणाली होती.” आणि तिने घड्याळ पुन्हा उलटं केलं, हौदाकडे वळून ओरडली, “चला, झाली वेळ, निघा! पाय जपून, शेवाळ आहे!”

मी आहे तोवर. मी ते वाक्य पुन्हा मनात वाचलं. झाइराची पाठ माझ्याकडे होती. बिननावाचे दोन थेंब आठवले, “वाळलीस” आठवलं, टेबलाखाली गेलेली वेनेराची नजर. मी खाली पायांकडे बघितलं. स्वेटर निळा होता, कोट राखाडी होता, पायमोजे काळेच राहिले होते. दुखवट्याचे जाड, काळे. ते उतरवायला विसरले होते.

रविवारी सकाळी तिघं मला बसपर्यंत सोडायला आली. मी रात्रीच ठरवलं होतं, आता तर सोपं होतं, त्यांना ठाऊकच होतं, फक्त उच्चार करायचा होता. पण ठाऊक असलेली गोष्ट उच्चारायला न ठाऊक असलेल्या गोष्टीपेक्षा कठीण निघाली. मी तोंड उघडलं की बुखुती घाईघाईने काहीतरी विनोद करायचा, तारेवरच्या डबीचा, मेव्हण्याचा, जणू मी उंचावरून पाय घसरायच्या बेतात आहे आणि तो मला धरतोय. वेनेराने पिशवीभर तेंदूफळं दिली. “चार दिवस पिकू दे, कच्ची खाशील तर तोंड आवळेल.” झाइरा म्हणाली, “तुझं दुखणं मला.” काउंटरवरची मुलगी पेन शोधत पायऱ्यांपर्यंत आली होती: “पुढच्या वर्षी तेच ना? फळीसकट?” सगळे माझ्याकडे बघत होते आणि बघत नव्हते. मी मान हलवली. कुठल्या दिशेने, ते मलाही सांगता येणार नाही. बस हलली तेव्हा बुखुतीने तीन बोटांचा हात वर केला आणि तो बराच वेळ वरच ठेवला.

कुतैसी मागे पडलं. रस्त्याच्या कडेने मातीची भांडी विकायला मांडली होती, धुक्यात नुसती त्यांची तोंडं दिसत होती. मांडीवर तेंदूफळं. अकरा वाजले आणि पिशवीत आईचा फोन वाजला. ‘पाणी-बुखुती’. मी त्याच्याकडे बघितलं, तो थांबला नाही, आणि मी उचलून कानाला लावला. काही बोलले नाही. पलीकडे श्वास होता, मागे हॉटेलच्या दालनाचा तो रिकामा, उंच आवाज. मग बुखुती हळू आवाजात म्हणाला:

“लामझिरा? ऐकतेस का गं? मी बुखुती. पोर आली होती तुझी. चांगली आहे. जेवते कमी, पण वेनेराने दोन भाकऱ्या घातल्या पोटात. नाक तुझंच.” ग्लास ठेवल्याचा आवाज आला. “तुझ्यासारखीच आहे. सगळं पोटात. दोन दिवस बसली आमच्यात, सांगायचं सांगायचं करत राहिली, जमलं नाही तिला. तर तू रागावू नकोस तिच्यावर. आणि हे बघ, आम्हाला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. पोर फार मेहनत घेतेय. कळू देणार नाहीस ना?”

शेजारच्या बाईने तिची पिशवी सरकवून मला जागा करून दिली. धुक्यात पुढचं वळण दिसत नव्हतं. बुखुती वाट बघत होता.

“नाही,” मी म्हणाले. “नाही कळू देणार.”